पाय ठेवण्यापूर्वी मागितलेली क्षमा

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिला मान पृथ्वीचा आहे. भागवताच्या एकादश स्कंधातला हा संवाद आपल्या दत्तसंप्रदायात घरोघरी माहीत आहे. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात तो मराठीत विस्ताराने आला. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तोपासक, त्यामुळे आपल्याला तो अधिकच जवळचा वाटतो. पृथ्वीपासून काय शिकलात, याचे अवधूतांचे उत्तर एका शब्दात सांगता येते : क्षमा. लोक तिला नांगरतात, खणतात, तुडवतात, तिच्यावर घाण टाकतात, तरी ती आपले काम सोडत नाही. संस्कृतात तर 'क्षमा' हे पृथ्वीचेच एक नाव आहे.

इथपर्यंत आपण सगळ्यांनीच कीर्तन-प्रवचनांत ऐकलेले असते. पण त्यापुढचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जी सदैव क्षमा करते, तिची क्षमा आपण गृहीत धरावी का? घरात सगळ्यांचे सगळे सोसणारी एक आई किंवा एक थोरली वहिनी असते, आणि ती सोसते आहे म्हणूनच घरातले बाकीचे बेफिकीर होतात, हे आपण पाहतो. त्यात दोष कुणाचा? पृथ्वीबाबतही हाच प्रश्न आहे आणि तो आज फार खरा झाला आहे.

मी कृष्णाकाठच्या एका गावात तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह बसतो तेव्हा पारायणालाही बसतो. या दोन गोष्टींचे माझ्या मनात कधी भांडण झाले नाही. उलट पृथ्वी क्षमा करते म्हणजे नेमके काय करते, हे मला विज्ञानाच्या पुस्तकांनी अधिक नीट दाखवले. म्हणून आधी ते सांगतो, मग प्रश्नाकडे येतो.

जमीन आणि तिच्यावरचे झाडझाडोरा, गवत, जीवजंतू यांची आकाशातल्या हवेशी अखंड देवघेव चाललेली असते. त्यातले तीन व्यवहार मोठे आहेत : पाण्याचा, कर्बाचा म्हणजे कार्बनचा आणि नत्राचा.

पाण्याचा व्यवहार अवधूतांनी स्वतःच सांगितला आहे. त्यांचा सातवा गुरू सूर्य. तो आपल्या किरणांनी पाणी वर ओढून घेतो आणि योग्य वेळी परत देऊन टाकतो, त्यात अडकत नाही. योग्यानेही विषय असेच घ्यावेत आणि असेच सोडावेत, हा त्यातला बोध. आता या व्यवहारात झाड काय करते ते बघा. मुळांनी ओढलेल्या पाण्यातले शंभरातले पंचाण्णवहून अधिक भाग झाड स्वतःसाठी ठेवतच नाही. पानांवरच्या बारीक छिद्रांतून ते वाफ होऊन हवेत जाते. जगभरच्या जमिनीवर जो पाऊस पडतो त्यातला साधारण ६० टक्के अशा रीतीने पानांतून आणि ओल्या मातीतून परत आकाशात जातो. उरलेला नद्यांवाटे आणि जमिनीखालून समुद्राकडे. हवेत गेलेली वाफ तिथे सरासरी ८ ते १० दिवसच राहते, मग कुठेतरी पाऊस होऊन उतरते. म्हणजे एका रानाने सोडलेले पाणी दुसऱ्या रानाचा पाऊस होतो. ॲमेझॉनच्या जंगलाबाबत ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे मोजून दाखवले : समुद्रावरून आलेला ढग आत शिरतो, बरसतो, जंगल ते पाणी पुन्हा वाफ करून वर सोडते, आणि तेच पाणी आणखी आतल्या जंगलावर पडते.

या सगळ्यात मातीचे काम धरून ठेवण्याचे. आपला शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतो, तो शब्द मला फार मोलाचा वाटतो. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, पाणी आहे आणि हवाही आहे, पेरले तर रुजेल अशी ती अवस्था. पाऊस चार महिन्यांचा, पण हरभरा हिवाळ्यात येतो तो या धरून ठेवलेल्या ओलीवर. माती मिळालेले सगळे लगेच देऊन टाकत नाही आणि दडपूनही बसत नाही. ती बेताने धरते आणि बेताने सोडते.

दुसरा व्यवहार कर्बाचा. औदुंबराखाली बसून 'हे एवढे खोड आले कुठून?' असे मी मुलांना विचारायचो. बहुतेक मुले सांगत, 'मातीतून.' ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मॉन्ट नावाच्या वैद्याने याची परीक्षा केली होती. कुंडीत २०० पौंड कोरडी माती मोजून घातली, त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र जेमतेम २ औंस कमी भरली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आले. झाड पाण्याचे बनते असा त्याने निष्कर्ष काढला, तो अर्धाच बरोबर होता. पुढे १७७९ साली इंगनहाऊस यांनी दाखवले की उजेडात हिरवी पानेच हवेशी हा व्यवहार करतात. १८०४ साली सोस्यूर यांनी वजने करून सिद्ध केले की झाडातला कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मंडळी, ज्या औदुंबराला आपण प्रदक्षिणा घालतो त्याचे लाकूड म्हणजे मुख्यत्वे घट्ट झालेली हवा आणि पाणी आहे! अवधूतांचा दुसरा गुरू वायू. तो सगळीकडे फिरतो आणि कशाला चिकटत नाही, पण त्याच्यातलाच एक अंश औदुंबराने धरून ठेवलेला असतो.

पाने गळतात, फांद्या पडतात, मुळे मरतात. ते सगळे मातीतले जीवजंतू खातात, आणि त्यांच्या श्वासावाटे कर्ब पुन्हा हवेत जातो. काही भाग मात्र काळ्या, मऊ ह्यूमसच्या रूपाने मातीत राहतो, कधी काही वर्षे तर कधी हजारो वर्षे. जगातली सगळी हवा आणि सगळी झाडेझुडपे मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक मातीच्या वरच्या एका मीटरमध्ये आहे. हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हा एक सुंदर गोष्ट दिसली. दरवर्षी मे महिन्यापर्यंत तो चढतो आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरतो. उत्तर गोलार्धातली राने पालवली की हवेतला कर्ब आत ओढतात आणि पानगळीनंतर सोडतात. आपण प्राणायामात पूरक-रेचक म्हणतो, तसा सगळ्या भूमीचा वर्षातून एक श्वास.

तिसरा व्यवहार नत्राचा, आणि तो सगळ्यांत चमत्कारिक. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे, तरी पीक त्याच्यावाचून उपाशी राहते. कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. ते काम विजेचा लोळ थोडेसे करतो, आणि मातीतले डोळ्यांनी न दिसणारे जिवाणू पुष्कळ करतात. तूर, हरभरा, भुईमूग उपटून बघा, मुळांवर गाठी दिसतील. त्या गाठींत हे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते आणि ते झाडाला नत्र देतात. 'तुरीचा बेवड चांगला' असे जुनी माणसे म्हणत त्याचे मोठे कारण हेच. आणि मातीत दुसऱ्या जातीचे जिवाणू असे आहेत की वापरून झालेले नत्र ते सोडवून परत हवेला देतात. तेव्हा हाही हिशेब पुरा होतो.

हे तीन व्यवहार एकत्र पाहिले की अवधूतांच्या 'क्षमा' या शब्दाचा अर्थ बदलतो. पृथ्वी मुकाट्याने सोसत बसलेली नाही. ती येईल ते घेते, धरते, पालटते आणि परत देते. मेलेल्या जनावराचे ती गवत करते, शेणाचे धान्य करते. 'क्षमा' आणि 'क्षमता' हे दोन्ही शब्द एकाच 'क्षम्' धातूचे आहेत. पृथ्वीची क्षमा म्हणजे तिची क्षमताच. आणि क्षमता म्हटली की तिला मर्यादा असते.

या क्षमतेवर आज आपण किती भार टाकला आहे ते पाहू. जमिनीवरची झाडे वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कर्ब हवेतून घेतात आणि झाडे, माती, जीवजंतू मिळून जवळपास तितकाच परत देतात. शतकानुशतके हा हिशेब जुळत आला. त्यात आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टनांची भर घालतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडून ठेवलेला हा कर्ब, कुणाच्याही चालू खात्यातला नव्हता. तरी पृथ्वीने काय केले? आपण सोडलेल्यातला सुमारे ३० टक्के भाग रानांनी आणि मातीने पोटात घेतला, सुमारे पाव भाग समुद्राने घेतला. उरलेला निम्म्याच्या आतला भाग तेवढा हवेत साचत गेला. कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर आहे. यंत्रयुगाआधी तो २८० च्या आसपास होता. आपल्या अपराधातला निम्म्याहून अधिक भाग कुणी न मागता झेलला म्हणून उन्हाळा आहे तेवढाच आहे, नाहीतर आजच कितीतरी वाढला असता. क्षमेचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पण झेलणाराही थकतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णता आणि दुष्काळ पडला, तेव्हा एरवी कर्ब घेणारी तिथली राने-शेते त्या वर्षी घेण्याऐवजी देऊ लागली. काही वर्षांत साठवलेले एका हंगामात गेले. ब्राझीलच्या लुसियाना गाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ अशी वर्षे विमानातून ॲमेझॉनवरची हवा तपासली. जिथे जंगलतोड जास्त झाली आणि ऊन वाढले, त्या आग्नेय भागात जंगल घेते त्याहून जास्त कर्ब सोडते आहे, असे त्यांना आढळले. जो क्षमा करत होता, त्याची क्षमा करण्याची शक्तीच आपण तोडत आहोत.

हे दूरचे झाले. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी काय आहे? नृसिंहवाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, तिथल्या आणि शेजारच्या सांगली भागातल्या काळ्या जमिनी पाहा. उसाला पाटपाणी दिले, मोजमाप न ठेवता दिले. काळ्या जमिनीला निचरा कमी. खालचे पाणी वर आले, सूर्याने ते नेले. सूर्य फक्त पाणी नेतो, मीठ ठेवून जातो. वर्षानुवर्षे हे चालले आणि जिथे एकेकाळी एकरी भरघोस ऊस निघत असे तिथे जमीन पांढरी पडली, मीठ फुटले. नत्राचेही तसेच. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, १९१३ साली कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. त्या युक्तीवर आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचे जेवण चालते, तेव्हा तिला नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल. पण शेतात टाकलेल्या युरियातले निम्म्याच्या आसपास नत्र पिकाला लागतच नाही. काही विहिरीच्या पाण्यात उतरते, काही हवेत जाते. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो, आणि हवेत शंभराहून अधिक वर्षे टिकतो.

आता मूळ प्रश्न. हा प्रश्न मला पुस्तकाने विचारला नाही, माझ्या पुतण्याने विचारला. त्याचा चार एकर ऊस आहे. गेल्या हंगामात तोड झाल्यावर तो पाचट पेटवायला निघाला होता. मी म्हटले, "अरे, पाचट जाळू नये. सरीत घाल, कुजू दे."

तो म्हणाला, "तात्या, तुमचं बरोबर हाय. पण माणसं कुठं मिळत्यात? मिळाली तर मजुरी परवडत न्हाई. खोडव्याला पाणी द्यायचंय, पाचट तसंच राहिलं तर पाणी पुढं सरकत न्हाई. आणि तुम्हीच सांगता की ऊस हवेतनं कर्ब घेतो. मग जाळलं तर हवेचंच हवेला गेलं की! अग्नीपण अवधूतांचा गुरूच हाय न्हवं?"

मला हसू आले, आणि त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे हेही मान्य करावे लागले. उसाच्या पाचटातला कर्ब वर्षापूर्वी हवेतच होता. तो परत गेला तर कोळसा जाळण्याइतका मोठा अपराध होत नाही. मी म्हटले, "हवेचं हवेला गेलं, ठीक. मातीचं मातीला गेलं का?" मग कागदावर हिशेब मांडला. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी १५ ते २० किलो होते. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण तेवढेच नत्र असते. म्हणजे एकरी एक पोते तो काडी लावून उडवतो आणि मग तेच पोते दुकानातून आणतो. शिवाय कुजलेल्या पाचटाने माती मऊ होते, ओल धरते, ते वेगळेच. अर्थात पाचट लगेच नत्र देत नाही. सुरुवातीला कुजवणारे जिवाणूच मातीतले नत्र खातात, म्हणून पाचटावर थोडा युरिया आणि कुजवणारे जिवाणू टाकावे लागतात. हेही त्याला सांगितले.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "तात्या, एक विचारू? मी चार एकराचं पाचट पेटवलं तर धूर दिसतो, म्हणून सगळे मला बोलत्यात. शहरातल्या माणसाच्या घरात रात्रभर गार हवेचं यंत्र चालतं, त्याचा कोळसा दुसरीकडं जळतो. त्याचा धूर कुणाला दिसत न्हाई. धरणीमाय त्याला पण माफ करती आणि मला पण. मग माझ्याच मागं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, पण त्यावर बरेच दिवस विचार केला. शेवटी उत्तर सापडले ते रोज सकाळी आपण जे म्हणतो त्यात.

उठल्यावर अंथरुणातून जमिनीवर पाय टेकण्याआधी भूमातेला हात लावून क्षमा मागायची रीत आपल्याकडे आहे. आई मला लहानपणी ते म्हणायला लावायची. तेव्हा वाटायचे, पाय ठेवण्यात कसला आलाय अपराध? आता कळते की त्या रीतीत फार बारीक विवेक आहे. आपण क्षमा मागतो ती पाय ठेवण्याची. पाय ठेवल्यावाचून जगताच येत नाही. खाल्ल्यावाचून, श्वास घेतल्यावाचून, कुठेतरी नांगर घातल्यावाचून माणसाचा दिवस जात नाही. या न टाळता येणाऱ्या घेण्यासाठी क्षमा आहे, आणि ती मागताना लाज वाटायचे कारण नाही. पण उठल्यावर भूमीला विनाकारण लाथ मारायची आणि 'सकाळी क्षमा मागितली होती' असे म्हणायचे, ते त्या प्रार्थनेत बसत नाही. आपल्या परंपरेत नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराध मानला आहे. पापाला नाम तारते, पण नाम तारणारच आहे म्हणून केलेल्या पापाला ते तारत नाही. क्षमेचेही तसेच आहे.

म्हणजे माझ्या मते उत्तर असे : क्षमा मागावी ती ज्याच्यावाचून चालत नाही त्याच्यासाठी. जे टाळता आले असते ते क्षमेच्या खात्यावर टाकू नये. आणि टाळता येणे हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरते. चार एकरवाल्याला मजूर मिळत नाही आणि पाचटाची कुट्टी करणारे यंत्र परवडत नाही, तर त्याची अडचण खरी आहे. ज्याला एका खोलीतली गार हवा बंद करून पंखा लावता येतो, जवळच्या अंतराला गाडीऐवजी पायी जाता येते, त्याची अडचण तशी नाही. ज्याला अधिक टाळता येते त्याच्यावर अधिक भार, हा न्याय आहे. पुतण्याची तक्रार इथपर्यंत रास्त आहे, आणि शहरातल्या भक्तांनी ती ऐकावी असे मला वाटते. साखर आपण सगळेच खातो. पाचट कुजवायचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्याने करावा, असे म्हणणे सोपे आहे, धर्माचे नाही. यंत्र गावाने मिळून घेतले, कारखान्याने किंवा सोसायटीने हात लावला, तर त्याचेही टाळता येणाऱ्यांत जमा होईल. आमच्या गावात तशी बोलणी चालू आहेत. पुतण्याने या वर्षी चारांपैकी दोन एकराचे पाचट ठेवले आहे, दोन एकराचे पेटवले. मी त्याला बोललो नाही.

कुणी म्हणतील, ही सृष्टी भगवंताची, तिचे चक्र तोच चालवतो, माणसाची काय बिशाद ते बिघडवण्याची? श्रद्धा म्हणून हे बोलणे चांगले दिसते, पण त्यात एक पळवाट आहे. नृसिंहवाडीला कृष्णेला पूर आला की पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते. तो सोहळा म्हणून आपण आनंदाने स्नान करतो. तीच कृष्णा २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली घराघरांत शिरली, जनावरे वाहून गेली, माणसे महिनोन्‌महिने सावरली नाहीत. नदी तीच आणि देवही तोच. पावसाचे पाणी धरणारी राने-माळ उरले नाहीत, ओढे बुजले, नदीच्या पात्रालगत बांधकामे झाली, यातला आपला वाटा देवाच्या पदरात टाकणे ही भक्ती होत नाही.

आणि एक गोष्ट मला अवधूतांच्या वागण्यात विशेष वाटते. त्यांनी पृथ्वीला गुरू केले ते तिच्याकडून क्षमा मिळवण्यासाठी नव्हे. तिच्यासारखे होण्यासाठी केले. शिष्याने गुरूच्या क्षमेचा उपभोग घेत राहायचे, की ती स्वतःत उतरवायची? दुसरे जमले तरच ते शिष्यत्व. येईल ते घ्यावे, बेताने धरावे, चांगले करून परत द्यावे, ही मातीची रीत आपल्या घरात, आपल्या शेतात किती उतरली, हे पाहण्याचा दिवस म्हणजे दत्तजयंती.

क्षमेला मर्यादा आहे म्हटल्यावर घाबरून जाण्याचेही कारण नाही. शिरोळकडे मीठ फुटलेल्या काही जमिनींत शेतकऱ्यांनी खोल सच्छिद्र नळ्या गाडून निचरा केला, आणि तिथे पुन्हा पीक उभे राहिले आहे. मात्र त्यात एक अट असते. एकाने नळ्या गाडून भागत नाही, त्या पाण्याला खाली ओढ्यापर्यंत वाट लागते आणि ती शेजाऱ्यांच्या रानातून जाते. बांधाला बांध लागलेल्यांनी एकमेकांना वाट दिली तरच जमीन सुधारते. पृथ्वी अजून क्षमा करायला तयार आहे, फक्त आपल्याला आधी एकमेकांशी बोलावे लागते.

या दत्तजयंतीला आमच्या मंदिरात एवढे ठरले आहे : निर्माल्य आणि पत्रावळी नदीत जाणार नाहीत, मागच्या खड्ड्यात कुजवून औदुंबराच्या आणि फुलझाडांच्या आळ्यांत घालायच्या. गोष्ट लहान आहे. पण टाळता येण्यासारखी होती आणि आम्ही ती टाळली. आपल्या गावात, आपल्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, ते ज्याचे त्याने सकाळी पाय टेकण्याआधी पाहावे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.